दारातली हरळी

जऊळक्याच्या स्टेशनात उतरणारा माणूस रुख्मिणीच्या हिरव्यागार अंगणाकडे मान वळवून पाहिल्याशिवाय पुढे जात नसे, आणि तिला त्याचा ताठा होता. का नसावा? नवरा शालिग्राम स्टेशनात तारबाबू. बदली झालेल्या गोऱ्या इंजिनिअरानं जाताना गवत कापायचं जुनं यंत्र त्याच्या गळ्यात मारलं होतं. शालिग्रामनं ते चार दिवस ढकललं आणि कोपऱ्यात टाकलं. रुख्मिणीनं ते बाहेर काढलं, पाती पुसली, तेल दिलं आणि मुरमाड अंगणातल्या हरळीची गादी करून दाखवली.

मग अनसिंगहून सासरा आला. पुंजाजी म्हणजे पीक खाणाऱ्या हरळीचा हाडवैरी. आपल्या वावरात हरळीची एक काडी दाखवणाऱ्याला शेला देईन असं तो चारचौघांत सांगे, आणि आजवर एकही शेला द्यावा लागला नव्हता. अंगणात पाय ठेवताच तो वाकला, एक काडी उपटली, चावली आणि थुंकला.

“हरयी! माह्या पोराच्या दारात हरयी? लोकं तोंडात शेण घालतीन. शालिग्राम, कुदय आण!”

शालिग्राम तारेवर मुंबईशी बोलायचा, पण बापापुढे त्याची दातखीळ बसायची. शेवटी दाराआडून रुख्मिणीच बोलली.

“मामाजी, उद्या मले एकडाव कापू द्या. तुमी बसून पाहा. नाई पटलं तं खुशाल खणा.”

पुंजाजी हुं म्हणाला. पण कुदळ त्यानं भिंतीला टेकवून ठेवलीच.

रात्रभर रुख्मिणीचा डोळा लागला नाही. एवढं रक्त आटवून वाढवलेलं गवत एका सकाळीत उपटलं जाणार होतं. सकाळी शालिग्राम ड्युटीवर गेला आणि पुंजाजी पायरीवर येऊन बसला. दव सुकेपर्यंत रुख्मिणीनं यंत्राला हात लावला नाही. ओल्या गवतात पातं अडतं आणि पायही घसरतो. मग पदर कमरेत घट्ट खोचून ती अंगणभर वाकून फिरली. इंजिनातून उडालेले कोळशाचे खडे, एक वाकडा खिळा, सगळं वेचून टोपलीत टाकलं.

एकच गोष्ट राहिली होती. कापताना ती नवऱ्याचे जुने बूट घालायची, टाचेत चिंध्या कोंबून. पण सासऱ्यासमोर सुनेनं पायात वहाण घालायची नसते, मग आभाळ का कोसळेना. बूट दाराआड राहिले आणि ती अनवाणी उतरली.

यंत्र खरखरत निघालं. शेंडेच तेवढे उडत होते. मुळापासून भादरलं तर उन्हात गवत जळतं. एक पट्टा झाला की दुसऱ्यात चाक जरासं पहिल्यावर चढवायचं, म्हणजे मधे शेंडी उरत नाही. मधेच एक काडी अडकली. रुख्मिणी थांबली, यंत्र मागं ओढलं आणि बोटं न घालता काठीनं काडी काढली. पुंजाजीनं विडी पेटवायची तशीच राहू दिली होती.

नाल्याच्या बाजूला उताराची जागा होती. तिथं सावलीत दव राहिलं होतं, ते तिच्या ध्यानात आलं नाही. पाय सटकला, यंत्र मागं घरंगळलं आणि पातं तिच्या पायाच्या बोटांपासून करंगळीभर अंतरावर थांबलं.

पुंजाजी ताडकन उठला. त्याच्या डाव्या पायाला अंगठा नव्हता. ऐन जवानीत अनवाणी लाकडं फोडताना कुऱ्हाडीनं नेला होता. तो लंगडत भिंतीकडे निघाला. संपलं, रुख्मिणीला वाटलं, निघाली कुदळ. तिचे डोळे भरून आले.

कुदळ तशीच सोडून म्हातारा घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दाराआडचे, चिंध्या कोंबलेले बूट होते. सासऱ्यानं सुनेच्या पायातलं हातात धरलेलं वऱ्हाडात कुणी पाहिलं नसेल. त्यानं ते तिच्यासमोर ठेवले.

“घाल.”

“मामाजी, तुमच्यासमोर कशी…”

“माह्यासमोरच घाल. मान ठेवायले पाय कायले तोडतं, पोरी? एक अंगठा गेला या घरातला, तेवढा बस झाला.”

रुख्मिणीनं बूट घातले. उतारावर तिनं यंत्र आता आडवं चालवलं, खालीवर नाही. तिफणीनं पेरलेल्या तासांसारखे सरळ पट्टे अंगणभर उठले. ती थकली होती, पण छाती अशी भरून आली होती की थकवा कुठं आहे ते शोधावं लागलं असतं.

इतक्यात फाटकाशी स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा बाबूलाल पॉइंट्समन थांबला. पुंजाजीच्या शेल्याची गोष्ट त्याच्याही कानावर होती.

“काय पुंजाजी, तुमच्या पोराच्या दारात हरयी? शेला काढा!”

पुंजाजीनं खांद्यावरचा शेला काढला, झटकला, आणि घामाघूम झालेल्या सुनेच्या हातात दिला.

“तोंड पूस, बाई.” मग तो फाटकाकडे वळला. “अन् तू नीट पाह्य, बाबूलाल. हरयी नोय ते. माह्या सुनेचं वावर हाये.”