राबाचा धूर

प्रियांकाला पक्षी बघायचे होते. कल्याणला नोकरी करणारी माझी लेक गळ्यात दुर्बीण अडकवून आली आणि म्हणाली, "आई, अभयारण्य आपल्या शेताला लागून आहे आणि मी अजून तलावही बघितला नाही!" पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. तिचे बाबा म्हणाले, "तुमी जावा. मला म्हशीचं बघायचंय." म्हैस मजेत रवंथ करत होती. तीन वर्षं हे असंच चाललंय. ते अभयारण्याच्या फाटकाकडे फिरकत नाहीत.

का, ते लेकीला ठाऊक नव्हतं. मला होतं.

आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या जागी आधी राब भाजतात. शेण, पाला, गवत रचायचं, वर माती पसरायची आणि पेटवायचं. वारा पडल्यावरच पेटवायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या वर्षी हे मुरबाडला गेले होते आणि मला संध्याकाळी भाचीच्या हळदीला वैशाखरे गावी पोचायचं होतं. मी भर दुपारी काडी लावली. अतिशहाणी ना मी! वारा उठला, ठिणग्या बांध ओलांडून अभयारण्याच्या वाळक्या गवतात गेल्या. मी माणसं बोलवायला पाड्यावर धावले. परत आले तोवर तलावावरचा राखणदार पंढरी आगीत सापडला होता. तो वाचला नाही.

चौकशीला माणसं आली तेव्हा यांनी सांगितलं, "राब मीच लावला." मला बोलूच दिलं नाही. सगळ्या गावाने यांना शिव्या घातल्या आणि मी घरात तोंड दाबून बसले.

आता फाटकावर पंढरीची बायको अंजू तिकिटं फाडते. त्याच्या जागी तिला घेतलं. प्रियांका पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढली. माझे गुडघे दुखतात म्हणून मी खालीच थांबले, पण गुडघे निमित्तच. आज अंजूला खरं सांगायचं, असं मी ठरवूनच आले होते. नाहीतर माझा नवरा माझं पाप डोक्यावर घेऊनच मरणार.

तलावाचं पाणी खूप खाली गेलं होतं. चिखलात बगळे उभे होते आणि शहरातली मंडळी त्यांचे फोटो काढत होती. मी तिकिटाच्या खिडकीशी गेले.

"अंजू, राब यांनी नाय लावला गो. मी लावला. ते तर गावातच नव्हते."

ती ओरडेल, थुंकेल, माझ्या झिंज्या धरेल असं वाटलं होतं. काहीही सोसायची माझी तयारी होती. तिने पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

"ठाव हाय मला, वयनी."

"कसं?"

"धूर आमी इथूनच बघितला. आमचे हे म्हणले, सुदामदादा मुरबाडला गेलाय, वयनीने एकटीनेच राब लावलेला दिसतोय, वारा पन हाय. तवा आग बांधाच्या आतच होती."

"मग?"

"जेवायला बसलेले. म्हणले, दोन घास खाऊन जातो. मीच पुढचं ताट ओढलं. म्हटलं, ती एकटी हाय, आधी जावा, भाकर कुठं पळून जात नाय." तिने पदर तोंडाला लावला. "दादाला लोकं नाय नाय ते बोलली. मला खरं ठाव होतं, तरी मी गप बसले. बोलले असते तर ताटाचंबी सांगावं लागलं असतं."

मनोऱ्यावरून प्रियांका मला हाका मारत होती. आम्ही दोघी खिडकीच्या आत-बाहेर रडत राहिलो. पंढरीसाठी रडलो, असं म्हणायला मला आवडेल. पण मला दिसत होता चौकशीच्या दिवशी अंगणात मान खाली घालून उभा राहिलेला माझा नवरा. त्यांच्यासाठी आजवर कोणीच रडलं नव्हतं.