टॉवेलखालचा हात

आमच्या गोठ्यात आज बेचाळीस म्हशी हायत. खोटं वाटत असंल तर भालकीच्या स्टँडवर उतरून कुणालाबी विचारा, पैलवानाचा गोठा कुठाय म्हणून. दूध उदगीरला जातंय, खवा गाणगापूरच्या पेढेवाल्यांकडं जातोय, दारात दोन टेम्पो हायत, अन् थोरली लेक मनीषा बिदरला जनावरांच्या डॉक्टरीचं शिकायलीय. लोक म्हणतात, धुळाप्पा पैलवानानं कुस्ती सोडली अन् लक्ष्मी घरात आली. सोडली म्हणं! कुस्ती काय विडी हाय व्हय सोडायला? त्या माणसाचं काय झालं ते मी बघितलंय. बायकोनं बघितलेलं कुणी विचारत न्हाई, म्हणून मीच सांगते.

शहाण्णव साली हळ्ळीखेडच्या जत्रेत आमच्या मालकांची शेवटची कुस्ती झाली. निकाली केली, चांदीचं कडं जिंकलं, फेटा उडवत मैदानाला फेरी मारली. त्याच कुस्तीत उजव्या हाताची करंगळी अन् शेजारचं बोट मोडलं होतं. हाड बसवलं, पण बोटं आकड्यागत वाकडीच राहिली. दोन महिन्यांनी तालमीत जाऊन मारुतीपुढं नारळ फोडला अन् लंगोट खुंटीला लावला. कामून विचारलं तर म्हणाले, "वय झालं बाणू." तेहतीस वर्षांचं वय! मला खरं वाटलं न्हाई, पण बोटांवर काय संशय गेला न्हाई. पैलवानाची बोटं सरळ असतात व्हय कुणाची?

बक्षिसाचे चौदा हजार होते घरात. सात हजाराला एक धरून दोन म्हशी घ्यायच्या, असं ठरलं. आयुष्यभर शेरावर शेर दूध प्यालेला माणूस, एका घोटात सांगायचा पाणी किती घातलंय ते. हा धंदा त्येंलाच जमणार होता.

गेले बाजाराला. सांजच्याला आले तर दावणीला एकच म्हैस. अन् खिशात पाच हजार.

"नऊ हजाराची म्हैस?" मी म्हणलं. "काय सोन्याचं शेण टाकती का ही?"

"दिलदारीनं दिले," म्हणाले, अन् पाठ करून झोपले. गावातबी तेच पसरलं. पैलवान दिलदार, पैलवान मोठ्या मनाचा. मला तर असं वाटलं, त्या मोठ्या मनाला चुलीत घालावं.

आता आमच्याकडचा जनावरांचा सौदा कसा होतो ते ऐका. तोंडानं कुणी बोलत न्हाई. दलाल हातावर टॉवेल टाकतो, त्याच्याखाली गिऱ्हाईक त्याची बोटं धरतं. त्या साली म्हशीचे पाच हजार सगळ्यांनी मनात धरलेलेच असायचे. वरचे किती, ते बोटांवर. एक बोट धरलं की सहा, दोन धरली की सात. बघणाऱ्याला फक्त टॉवेल हललेला दिसतो. आकडा फक्त त्या दोघांना ठाऊक.

तीन-चार महिन्यांनी मला ताप भरला. धारा मीच काढायची. मालक म्हणायचे, ते बायामाणसाचं काम. त्या दिवशी बसले नाइलाजानं. मी गोधडी गुंडाळून दारात आले तर काय बघते? डाव्या हातानं धार चाललीय, अन् उजवा हात नुसता आचळाला लागून हाय. मूठच मिटत नव्हती. मिटवायला जायचे अन् कपाळावर घाम यायचा. म्हैस बिचारी मागं वळून बघायली.

मला सगळं एकदम कळलं. लंगोट कामून खुंटीला गेला ते कळलं, नऊ हजारबी कळले. धरायची होती दोन बोटं. त्या वाकड्या आकड्यात दलालाची बाकीची दोनबी अडकली. दलालानं चार मोजली अन् मोकळा झाला.

"तवाच बोलायचं न्हाई का? हात दुखतोय, चूक झाली म्हणून?"

मालक खाली बघूनच बोलले. "वस्ताद सांगायचे, दुखरी बाजू समोरच्याला कळू द्यायची न्हाई. कळली की माणूस संपला."

"समोर पैलवान नव्हता, दलाल होता!" मी ओरडले. मग माझंच मला वाईट वाटलं. एवढा डोंगरासारखा माणूस, अन् हात धोतराच्या सोग्यात लपवत होता. मला रडू आलं. मी त्येंला उठवलं अन् उरलेली धार तापातच काढली.

पण एका म्हशीवर घर चालंना. त्यात हैदराबादच्या एका प्लॉटवाल्याचा निरोप आला. महिन्याला सात हजार पगार. काम काय, तर त्याच्या मागं उभं राहायचं अन् गरिबाचं घर खाली करताना मिशीला पीळ द्यायचा. मालक म्हणाले, "ह्या साली दुसरी म्हैस आली न्हाई तर दिवाळीनंतर मी जातो." रात सरली, पण माझा डोळा लागला न्हाई. ज्या अंगाला मी बदाम वाटून घातले, तूप चोळलं, ते अंग गरिबाच्या दारात दम द्यायला जाणार? मी मेले तरी हे होऊ देणार नव्हते.

पै-पै करून सात हजार जमवले. वर एक रुपाया न्हाई. म्हणलं, मीबी येते बाजाराला.

"बाया येत न्हाईत तिथं."

"म्हशी येतात का? मग मीबी येते."

बाजारात सगळे माझ्याकडं बघायले. दलाल तोच, नागप्पाण्णा. म्हैस मात्र माझ्या मनात भरली. कास भरदार, नजर गरीब. नागप्पाण्णानं टॉवेल झटकला अन् हात पुढं केला. "द्या हात, पैलवान."

मालकांनी हात दिला न्हाई. मला वाटलं, आता फिरतात माघारी अन् धरतात हैदराबादची बस.

तर त्येंनी बाही वर सारली अन् उजवा हात उंच केला. जिंकल्यावर मैदानाला फेरी मारताना करायचे, अगदी तसा. अख्खा बाजार बघायला लागला.

"बघून घ्या सगळे," मालक म्हणाले. आवाज कापत होता, पण मोठा होता. "हा हात मिटत न्हाई. दीड वर्ष झालं. गेल्या खेपेला म्हैस घेताना मी दोन बोटं धरली होती, चार मोजली गेली. मी लाजेनं गप बसलो, चूक माझी. आजपासनं टॉवेलखाली माझ्या बायकोचा हात."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. नागप्पाण्णा तर दोन पावलं मागं सरला. "परक्या बाईचा हात धरू व्हय मी? काय बोलायलात पैलवान!"

आता माझं डोकं फिरलं. "अण्णा म्हणते मी तुम्हाला," मी म्हणलं, "भाऊ होऊन हात द्या. न्हाईतर सौदा टॉवेल काढून करू, सगळ्यांदेखत. तुम्हीच सांगा, काय परवडतंय?"

आकडा सगळ्यांना कळला तर पुढच्या गिऱ्हाइकाकडनं जास्त कसं काढणार? दलालाला उघडा सौदा कुठं परवडतोय? गप्प हात पुढं आला. मी दोन बोटं धरली. नागप्पाण्णा कानाशी कुजबुजला, "अक्का, अजून एक." मी तीच दोन दाबली. तो म्हणाला, "अक्का, बिचारा शेतकरी..." मी अजून दाबली. रोजच्या धारेचा हात हाय माझा, सकाळी-सांजचा. बोटं कडकड वाजली.

"सोड, अक्का, सोड! सात तर सात!"

सगळा बाजार हसला, पण आता हसण्यात खोट नव्हती. मी पदराची गाठ सोडून पैसे दिले. मालकांनी डाव्या हातात दावं घेतलं. उजवा हात मात्र त्येंनी लपवला न्हाई, वाकड्या बोटांचा तसाच वर धरून गर्दी बाजूला करत पुढं चालले, अन् जत्रेतल्या पुकारणाऱ्यासारखे ओरडायला लागले, "बाजूला सरका, बाजूला! मालकीण यायलीय!"