शर्टाची पाठ

पारूबाईला कात्री नवीन नव्हती. निपाणीत ज्या घरात बिडी वळतात, तिथं एखाद वेळ मीठ नसेल, पण कात्री असतेच. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कडेकडेनं कात्री फिरवायची, पान खाली टाकायचं, पुढचं उचलायचं. लग्न होऊन आल्यापासून तिचं हेच चाललं होतं. साच्याबाहेर रेघभर पान राहिलं तर बिडी वाकडी होते, आणि कारखान्यातला माणूस ती चिमटीत धरून सगळ्यांदेखत बाजूला टाकतो. त्यामुळं कात्री साच्याच्या कडेला घासूनच गेली पाहिजे, हे तिच्या हाताला पुरतं मुरलेलं. डोळे मिटूनही तिनं पान कापलं असतं.

कापड मात्र तिनं जन्मात कापलं नव्हतं. वाकळा शिवल्या होत्या, चांगल्या ढीगभर. पण वाकळेला काय, जुनी लुगडी हातानं फाडायची, थरावर थर घालायचे आणि धावदोरा मारत सुटायचं. वाकळेला ना खांदा असतो ना बगल.

आणि आज, रविवारी, दिवस मावळायच्या आत तिला लेकीसाठी पांढरा झगा शिवायचा होता.

बेबीला बेळगावला नर्सच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती. अख्ख्या गल्लीत दहावी पास झालेली ती पहिली मुलगी. कपडे तिकडंच मिळतात अशी सगळ्यांची समजूत. कुणी सांगितलं होतं देव जाणे. काल संध्याकाळी तिच्याबरोबर निवड झालेल्या सांबरा गावच्या मुलीचा भाऊ धापा टाकत आला. सोमवारी हजर होताना अंगावर पांढरा झगा पाहिजे म्हणे, नसेल तर बाई दारातूनच परत पाठवतात आणि जागा पुढच्या मुलीला देतात. एवढं सांगून, चहासुद्धा न घेता तो गाडी गाठायला पळाला. विकत घ्यायचं नावच नको. आणि शिंप्याकडं लगीनसराई. त्यानं मान वर न करता "पुढच्या आठवड्यात या" म्हटलं.

बेबी गेली नाही तर काय होणार, हे पारूबाईला कुणी समजावून सांगायला नको होतं. शेजारच्या मनुबाईनं बिड्या वळायचं एक जादा सूप काढूनच ठेवलं होतं. "राहिली तर बसू दे माझ्याजवळ, हात चांगला हाय पोरीचा," असं ती मायेनंच म्हणाली होती. पण ते सूप एकदा मांडीवर आलं की उतरत नाही. मग नाकात तंबाखूची धूळ आणि जन्माचा खोकला. स्वतःचा खोकला तिला चालत होता. लेकीचा तिला ऐकायचा नव्हता.

घरात पांढरं कापड शोधायला फार वेळ लागला नाही. सासूचं, सोनुबाईचं, बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं कधीच वाकळेच्या पोटात गेलं होतं. उरलं होतं ते ट्रंकेत. कल्लाप्पाचं धोतर आणि कल्लाप्पाचा शर्ट.

कल्लाप्पा म्हणजे पारूबाईचा नवरा. बेबी तिसरीत असताना जांबोटीच्या बाजूनं गोव्याला रस्त्याच्या कामावर गेला, तो गेलाच. कुणी म्हणे कोगनोळीला ट्रकवर दिसला. कुणी म्हणे दरड कोसळली त्यात होता. पारूबाई विचारून विचारून दमली आणि गप्प झाली. सोनुबाई मात्र गप्प झाली नव्हती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खालीच ती ट्रंक. दर महिन्याला म्हातारी ती उघडायची, शर्ट निळीत घालायची, दोरीवर वाळवायची, तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची. लेक दारात उभा राहिला तर त्याला अंघोळीनंतर घालायला काहीतरी नको का, असा तिचा सरळ हिशेब.

सकाळी पारूबाईनं सासूचे पाय धरले होते. म्हातारीनं ट्रंक उघडली आणि धोतर काढून दिलं.

"धोतर घे. धोतर काय, बाजारात कुटंबी मिळतंय. शर्टाला हात लावायचा न्हाय. शर्ट त्येच्या मापाचा हाय. जित्या माणसाच्या मापाला कात्री लावत न्हाईत."

"न्हाय लावत, आत्ती."

"आनि काय बी झालं तरी पोरीच्या अंगावर शिवू नगंस. लागलंच तर दातात काडी धरायला लाव तिला. अंगावर शिवतात ते मड्याला."

एवढं बजावून ती बाजाराला गेली.

धोतर लांबलचक, पण बसायच्या जागी विरलेलं. तेवढं सोडून पारूबाईनं आधी खालचा घेर हातानं फाडून घेतला आणि चुण्या घालून शिवलाही. तिला हुरूप आला. मग बेबीचं शाळेचं निळं झंपर उरलेल्या चांगल्या कापडावर पसरलं, निळीत बुडवलेल्या काडीनं त्याच्या कडेनं रेघ ओढली आणि कात्री घेतली. तिच्या हातानं जन्मभर जे केलं तेच केलं. रेघेला घासून, कडेकडेनं, एक दोरासुद्धा वाया न घालवता तिनं कापड कापलं. पुढची बाजू झाली, पाठ झाली. इतकं सुबक कापलेलं बघून तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्या कौतुकाची तिला नंतर चीड आली, पण बाईला कुणी सांगितलं होतं का, की शिवणीत कापड आत जातं, त्यासाठी रेघेबाहेर बोटभर सोडायचं असतं? पानाला शिवण नसते. शिवाय झंपर गेल्या वर्षीचं, आणि पोर वर्षभरात भरली होती.

दुपार कलल्यावर खांदे जोडून झाले आणि बेबीनं झगा डोक्यातून घातला.

बगलेखाली पुढची बाजू आणि पाठ एकमेकींना भेटेनात. पारूबाईनं ओढलं. बेबीनं श्वास आत घेतला, पोट आत घेतलं. आणखी ओढल्यावर खांद्यातून टर्रकन आवाज आला. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं अंग उघडं.

पारूबाईनं विरलेल्या धोतराची पट्टी लावून बघितली. सुई टोचली तिथून कापड फाटत गेलं. दुहेरी करून लावली, तरी तेच. घेरातून काढावं तर गुडघे उघडे पडतात. तिनं चिंध्या पुन्हापुन्हा जमिनीवर मांडल्या, जशा काही मांडून मांडून वाढतील. शेवटी ती तशीच बसून राहिली.

"आई, ऱ्हाऊ दे," बेबी म्हणाली. "मी जात न्हाय. मनूकाकीजवळ बसतो मी. पुढच्या वर्षी बघू."

पोर हसायचा प्रयत्न करत होती. पारूबाईला ते हसणं बघवेना. पुढच्या वर्षी काय बघणार? नवऱ्याची वाटही तिनं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करतच बघितली होती.

ती उठली आणि ट्रंक उघडली.

शर्ट वरच होता. कडक इस्त्रीचा, निळीची झाक असलेला. तिनं तो मांडीवर घेतला, पाठीच्या मधोमध कात्रीचं तोंड उघडलं, आणि तिचा हात थांबला. ही कात्री चालली की कल्लाप्पा मेला, हे दुसऱ्या कुणी नाही, तिनं ठरवलेलं होणार होतं. इतकी वर्षं ती ना सवाष्ण होती ना विधवा, आणि त्या मधल्या जागेची तिला सवय झाली होती. तिला रडू फुटलं. नवऱ्यासाठी की पोरीसाठी, तिचं तिलाच कळेना.

"ठेव ती कात्री."

सोनुबाई दारात उभी होती. हातातली पिशवी खाली पडली आणि कांदे घरभर गडगडले.

"आत्ती, माझं चुकलं. मी सगळं कापड नासवलं. पोरीच्या अंगाला हुईना."

"म्हून माझ्या लेकाला कापतीस?"

"लेकाला न्हाय वो, शर्टाला!"

"मला सांगतीस? आनि उद्या आला तर? काय घालू अंगात त्येच्या? तुझं तोंड?"

"न्हाय आला तर?" पारूबाई ओरडली. हे वाक्य त्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. "न्हाय आला तर माझी पोर सुपाम्होरं बसंल, आनि तुमी शर्टाला नीळ घालत बसा!"

बेबी मधोमध उभी होती, दोन्ही हातांनी उघड्या बगला झाकून. सोनुबाईनं तिच्याकडं बघितलं. जवळ गेली, नातीचे हात बाजूला केले आणि बोटांनी अंतर मोजलं. मग खाली बसली.

"कात्री न्हाय," ती म्हणाली. "सुई दे. उसवू. उसवल्यालं परत शिवता येतंय."

म्हातारीनं स्वतः सुईच्या टोकानं शर्टाची एक बाही उसवली. एकेक टाका असा सोडवला की दोराही तुटू नये. बाही सुटी झाली. ती बेबीच्या बगलेखाली लावून बघितली. शर्ट अर्ध्या बाह्यांचा. वीतभर खाली येऊन कापड संपलं, कमरेपर्यंत पोचेना. दुसरी बाही उसवून खाली जोडली, तर एकच बाजू झाली आणि दुसरी तशीच उघडी. सोनुबाईनं बाह्या पुन्हा शर्टाजवळ ठेवल्या, जिथल्या तिथं. पाठीशिवाय तेवढं लांब, तेवढं धड कापड घरात कुठं नव्हतं. तिनं पाठीवरून हात फिरवला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

बाहेर ऊन उतरलं होतं.

"लाव कात्री," ती म्हणाली.

"आत्ती..."

"लाव म्हनतो न्हवं! माझं मन फिरायच्या आत लाव."

पारूबाईनं कात्री लावली. ह्या वेळी तिनं रेघेबाहेर दोन बोटं सोडली. पाती कापडात शिरली, आणि सोनुबाईनं असा हंबरडा फोडला की दोरीवरच्या चिमण्या उडाल्या. इतक्या वर्षांत तिच्या डोळ्याला पाणी आलेलं कुणी बघितलं नव्हतं. "माझ्या कल्लाप्पाऽ, माझ्या लेकराऽ, मला सोडून कुटं गेलास रंऽ!" छाती बडवत, सूर धरून ती रडू लागली, जसं मेलेल्या माणसासाठी रडतात तसं.

गल्ली धावून आली. मनुबाई सगळ्यांच्या पुढं, हाताला तंबाखू तशीच.

"काय झालं? कोन गेलं गं?"

"माझा कल्लाप्पा गेला," सोनुबाई म्हणाली. "माझा ल्योक गेला गंऽ!"

कधी, कुठं, कसा, कुणी काही विचारलं नाही. बायका म्हातारीच्या गळ्यात पडल्या आणि त्यांनीही सूर लावला. मनुबाईनं रीतीप्रमाणं पारूबाईला मधे आणून बसवायला तिचा दंड धरला.

"चल, बस. रड बाई, मोकळी हो."

"मला आज सवड न्हाय, आक्का," पारूबाई म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते, हात नव्हते. "सकाळी पयली गाडी हाय. उद्या रडतो मी. उद्या दिसभर रडतो."

पट्टी लावायची तर झगा अंगावर असतानाच माप घेऊन टाके घालायला हवे होते. दुसऱ्यांदा चुकायला कापड उरलं नव्हतं. तिनं केरसुणीची काडी मोडली आणि बेबीच्या तोंडाशी धरली. "दातात धर. आज्जीनं सांगितलंय."

बेबीनं काडी दातात धरली. बायकांचा गलका चढत होता. आज्जी बापाचं नाव घेऊन हाका मारत होती. बाप मेल्याचं बेबीनं आत्ताच ऐकलं होतं, आणि दातातली काडी पडू द्यायची नव्हती. ती ताठ उभी राहिली. हुंदका आला की छाती वर व्हायची, तेवढ्यापुरती पारूबाई सुई थांबवायची, आणि छाती खाली आली की पुढचा टाका घालायची.

"हात वर धर," पारूबाई म्हणाली. "दुसरी बाजू ऱ्हायली हाय."