सामाईक फोल्डरातल्या बिननावी फायली

मी 'सामाईक' बोलतोय. पाण्याच्या नळांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीतला, सगळ्यांचा मिळून असलेला फोल्डर. कचेरीचे कॉम्प्युटर आणि तारा सांभाळणाऱ्या तारवाल्याच्या टेबलामागे एक कपाट आहे, त्यातल्या काळ्या पेटीत मी राहतो. भिंतीला कान असतात म्हणतात. माझ्या कपाटाला तर दारही नाही. त्यामुळे कचेरीतलं बोलणं माझ्या कानावर पडतं, आणि टाईप केलेलं थेट पोटात येतं. तोंड तेवढं कुणी दिलं नाही. ते असतं तर एका पोरीची नोकरी वाचली असती.

मला जन्माला घातलं मोठ्या बाईंनी. त्या नकाशा विभागाच्या प्रमुख. सोळा वर्षांपूर्वी ज्याचे नकाशे त्याच्याच कॉम्प्युटरवर असायचे. तो रजेवर गेला की दुरुस्ती खोळंबली. बाई तेव्हाच्या साहेबांना म्हणाल्या, "एकाचं पोट दुखतंय म्हणून अख्ख्या गावानं तहानलेलं राहायचं का?" मग तारवाल्याने मला तयार केलं. तो माझं नाव 'कॉमन' ठेवत होता. बाईंनी त्याला थांबवलं.

"सामाईक म्हण. सामाईक विहीर असते ना, तसं. आणि विहिरीत कुणी कचरा टाकायचा नाही. एका रस्त्याचा एकच नकाशा, वर तारीख. समजलं?"

समजलं नाही असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. बाईंनी लग्न केलं नव्हतं, धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या. कुठल्या रस्त्याखाली कुठला व्हॉल्व्ह आहे हे त्यांना तोंडपाठ. पोरं म्हणायची, बाईंना झोपेतून उठवून विचारा, त्या व्हॉल्व्हचा नंबर सांगून पुन्हा घोरायला लागतील. त्यांची एक जुनी सवय होती. कुठलाही मजकूर असो, दोन ओळींची चिठ्ठी का असेना, शेवटी 'कळावे' लिहायच्या. सगळे त्यांची नक्कल करायचे. "चहा आलाय. कळावे." बाईही हसायच्या.

चौदा वर्षं माझं उत्तम चाललं.

मग एके दिवशी दुपारी माझ्यात एक फाईल येऊन पडली. नाव काय, तर 'नवीन १'. आत एकच ओळ : 'तळघराची किल्ली शिपायाकडे असते. कळावे.'

ती बाईंनी लिहिली होती. त्यांच्या बोटांची चाल मी ओळखतो. प्रत्येक शब्दानंतर त्या जागा सोडायचं बटण ठोसा मारल्यासारखं दाबतात. मला वाटलं, काहीतरी टिपून ठेवलं असेल. ठेवेनात का!

पण तशा फायली येतच राहिल्या. 'नवीन ७'. 'नवीन ३१'. आणि त्या फक्त बाईंच्या टेबलावरून येत नव्हत्या. बाई कुणाच्याही खुर्चीत बसून त्याचं काम तपासायच्या; प्रमुखच त्या. तिथे बसल्या बसल्या काही आठवलं की आपल्या टेबलापर्यंत जायला त्यांना धीर धरवायचा नाही. वाटेत विसरलं तर? मग तिथेच दोन ओळी टाईप करायच्या, मला द्यायच्या आणि उठायच्या. आणि उठल्यावर, आपण काही लिहिलं होतं हेच विसरायच्या. माझ्या वहीत मात्र नोंद व्हायची ती ज्याचा कॉम्प्युटर त्याच्या नावाची.

'आज बुधवार. कळावे.'

'नवे साहेब टकले आहेत ते. कळावे.'

'तारवाल्याची बायको वारली. ती कशी आहे असं पुन्हा विचारू नये. कळावे.'

ही शेवटची आली त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

बाई हुशार. इतक्या हुशार, की दोन वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. माणसाचं नाव आठवलं नाही की "अहो साहेब" म्हणायच्या, बाईमाणूस असेल तर "अगं राणी". प्रश्न कळला नाही की उलट विचारायच्या, "तुला काय वाटतं, ते आधी सांग." लोकांना वाटे, बाई शिकवतायत.

पुढे एका आखणी करणाऱ्याने नकाशा शोधताना चुकून 'नवीन ११२' उघडली आणि मोठ्यांदा वाचली : "चष्मा गळ्यातच अडकवलेला आहे. कळावे!" सगळे खो खो हसले. बाई तारवाल्याच्या टेबलाशीच उभ्या होत्या. त्यांचा चष्मा गळ्यातच होता.

त्या हसल्या नाहीत.

"कोण माझी टर उडवतंय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्यावर पाळत ठेवून लिहितंय कुणीतरी. शोधून काढ."

"जाऊ द्या ना बाई, पोरं आहेत," तारवाला म्हणाला.

"पोरं नव्हेत, चोर आहेत. शोध म्हणते ना?"

तेही थंडावलं असतं कदाचित. पण त्याच महिन्यात नको ते घडलं. एका रस्त्यावर मोठा नळ फुटला. दुरुस्तीच्या माणसांनी माझ्याकडे नकाशा मागितला. माझ्यात त्या रस्त्याचे चार नकाशे निघाले : मूळचा एक, आणि 'खरा', 'हाच खरा', 'हाच खरा २' अशा नावांचे तीन. त्यांनी शेवटचा घेतला. त्यात व्हॉल्व्हचा नंबर चुकला होता. फुटलेला नळ तसाच वाहत राहिला आणि जवळच्या बाळंतपणाच्या दवाखान्याचं पाणी साडेतीन तास बंद पडलं. जीव कुणाचा गेला नाही, पण साहेबांना वरून जे ऐकावं लागलं ते त्यांनी सव्याज खाली उतरवलं.

"सामाईकमध्ये हा सगळा कचरा कोण टाकतंय, मला नाव पाहिजे," साहेब तारवाल्याला म्हणाले. "शुक्रवारपर्यंत."

तारवाला माझी नोंदवही काढून बसला. दोनशे चाळीस बिननावी फायली, कधी कुठून आल्या, एकेक ओळ त्याने कागदावर उतरवली. सहा जणांची नावं निघाली, त्यात बाईंचंही. पण निम्म्याहून जास्त फायली एकाच टेबलावरून आल्या होत्या. ते टेबल होतं खिडकीजवळचं, चिमणीचं.

चिमणी म्हणजे कचेरीतली तात्पुरती टायपिस्ट. बारीक चणीची, आवाजही बारीक, म्हणून हे नाव. घरी तीन वर्षांची मुलगी, तिला सासू सांभाळायची. चिमणी नवीन, टायपिंगमध्ये चुका फार. म्हणून बाई तिच्याच खुर्चीत जास्त बसायच्या. रोज जेवणाच्या सुट्टीत तिचं काम तपासून, दुरुस्त करून ठेवायच्या. कुणाला न सांगता.

साहेबांनी चौकशी बाईंवर सोपवली. ती झाली माझ्या कपाटासमोर.

"का केलंस?" बाईंनी विचारलं.

"मी नाही केलं हो बाई. मुलीची शपथ."

"मुलीला मधे आणू नकोस. तुझ्या टेबलावरून झालंय, नोंद आहे."

"माझ्या टेबलावर तर तुम्ही पण..." चिमणी अडखळली. "म्हणजे, कोणीही बसतं ना बाई."

"मी तुला हाताला धरून शिकवलं. आणि तू माझ्या म्हातारपणाची चेष्टा करतेस?" बाईंचा आवाज कापत होता. "मला सांग, बाकीचं सोड. तुला कसं कळलं की मी विसरते?"

चिमणीला काहीच कळलं नव्हतं. ती नुसती रडत राहिली. आणि रडणाऱ्या माणसाने गुन्हा कबूल केला असंच आपण समजतो.

शिस्तभंगाचं पत्र बाईंनीच टाईप केलं. ते माझ्यातच आहे. शेवटी 'कळावे' आहे.

चिमणी गेली. फायली थांबल्या नाहीत.

दहाव्या दिवशी तारवाल्याला एक नवी फाईल दिसली. नोंद पाहून तो खुर्चीतून उठलाच, कारण ती त्याच्याच कॉम्प्युटरवरून आली होती, तो चहाला गेला होता तेव्हा. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला "आलोच" म्हणून उठला आणि कपाटाच्या मागे, तारांच्या गुंत्यात उभा राहिला.

बाई आल्या. त्याच्या खुर्चीत बसल्या. तो ठोसा मारल्यासारखा आवाज झाला, वीसेक वेळा. मग त्या उठल्या आणि गेल्या.

पाच मिनिटांनी परत आल्या. तारवाला तोवर कसाबसा खुर्चीत येऊन बसला होता.

"काय रे," बाईंनी विचारलं, "सापडला का चोर?"

तो म्हणाला, "नाही बाई. शोधतोय."

त्या दिवशी त्याने माझ्यातल्या सगळ्या फायली पहिल्यापासून वाचल्या. इतके दिवस त्याने फक्त तारखा आणि टेबलं मोजली होती, आत काय लिहिलंय ते कुणीच ओळीने वाचलं नव्हतं. त्याच्या बायकोची फाईल आली ती त्याने दोनदा वाचली. शेवटची फाईल त्याच दिवशीची होती : 'खिडकीजवळची टायपिस्ट बरेच दिवस दिसत नाही. आजारी आहे का, चौकशी करणे. चुका करते पण मन लावून करते. कायम करण्याबद्दल साहेबांशी बोलणे. कळावे.'

सकाळी त्याने बाईंना खुर्ची दिली. "बसा बाई. सापडलं."

बाई वाचत गेल्या. पडद्यावर एकेक फाईल खाली सरकत होती.

"कुणीतरी माझ्यासारखं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"बाई, मी पाहिलं तुम्हाला. काल. इथेच."

"काल मी इथे आलेच नाही."

मग बाईंनी एक फाईल पुन्हा उघडली आणि स्वतःशीच वाचली. 'बहिणीला सांगू नये. ती घाबरेल. कळावे.' हे तर कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मग त्या पोरीला कुणी काढलं?"

"तुम्हीच, बाई."

त्यांनी तिथूनच चिमणीला फोन लावायला लावला. माफी मागितली. मोठ्या बाईंना कुणाची माफी मागताना मी प्रथमच ऐकलं. चिमणी पलीकडून म्हणाली, "असू द्या बाई. तब्येतीची काळजी घ्या." तिला परत घ्यावं म्हणून बाई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, ती जागाच आता रद्द झालीय, आणि शिस्तभंगाचं पत्र वर गेलंय, ते मागे कसं घेणार? चिमणीला दुसऱ्या दोन ठिकाणी त्याच पत्रामुळे नकार मिळाला, हे तारवाल्याला नंतर समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी चिमणीला फोन लावायला लावला. माफी मागितली. तेच शब्द, तोच कापरा आवाज, जणू पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी पुन्हा.

चौथ्या दिवशी चिमणी रडत म्हणाली, "बाई, पाया पडते तुमच्या, आता नका हो करू फोन. रोज नव्याने आठवतं सगळं." पाचव्या दिवशी तिने उचललाच नाही. बाई रिसीव्हर धरून बसून राहिल्या. "कुणाला लावला होता रे आपण?" त्यांनी तारवाल्याला विचारलं.

त्याच आठवड्यात त्यांची बहीण येऊन त्यांना घेऊन गेली. निरोपाला साहेबांनी चार वाक्यं बोलून दाखवली. मग तारवाल्याला हुकूम आला, तो सगळा कचरा साफ कर. त्याने फायली निवडल्या, 'कायमचं पुसायचं का?' हा माझा प्रश्न बराच वेळ पडद्यावर ठेवला आणि शेवटी 'हो' म्हणाला. पोटापाण्यासाठी माणसाला करावं लागतं. मी त्याला दोष देत नाही. आता या महिनाअखेर मीही बंद होणार आहे. नवी व्यवस्था येतेय म्हणे, तिच्यात प्रत्येकाचा कप्पा वेगळा.

पण मला सांगायचंय ते परवाचं.

परवा सकाळी, कचेरी उघडताच, बाई आल्या. बहिणीचा डोळा चुकवून, नेहमीच्या वेळेला. आपल्या जुन्या टेबलाशी बसल्या आणि माझ्यात यायला पासवर्ड टाईप केला. मी नियमाने उत्तर दिलं, 'प्रवेश नाही.' त्यांनी पुन्हा टाईप केला, अगदी सावकाश, एकेक अक्षर पुटपुटत. 'प्रवेश नाही.' तिसऱ्यांदाही तेच.

"हेही विसरले," असं म्हणून त्या उठल्या. बहीण धापा टाकत येऊन दारात उभी होती. "चल ताई, घरी," ती म्हणाली. बाई मुकाट्याने तिच्यामागे गेल्या.

त्या विसरल्या नव्हत्या. सोळा अक्षरं होती, आणि तिन्ही वेळा एकही चुकलं नव्हतं. त्यांचं खातंच साहेबांनी बंद करायला लावलं होतं. तुमच्यापैकी कुणाला त्या कुठे भेटल्या, तर एवढं त्यांना सांगा. उद्या त्या विसरतील, तरी सांगा.