पहिल्या हिमपाताची तारीख

जैवसुरक्षा समितीच्या कार्यालयात 'नमुना सात' नावाचा एक छापील कागद होता आणि त्या कागदावर चौदावा रकाना होता: 'प्रयोगक्षेत्रावरील पहिल्या हिमपाताची तारीख.' देश असा, की थंडीच्या दिवसांतही दुपारी माणसं पंख्याखाली बसतात आणि बर्फ बघायचा तर मासळीबाजार गाठावा लागतो.

चूक छापखान्याची नव्हती. नऊ वर्षांपूर्वी जनुकं बदललेल्या पिकांसाठी नियम करायचे ठरलं, तेव्हा समितीचे अध्यक्ष तिघांना सोबत घेऊन एका थंड देशात पंधरा दिवस अभ्यासाला गेले. अध्यक्ष मूळचे गुरांच्या खुरांचे डॉक्टर. वनस्पतींशी त्यांचा संबंध जेवणाच्या ताटापुरता. येताना त्यांनी चार लोकरीचे कोट आणि त्या देशाचे नियम आणले. कोट कपाटात गेले आणि नियम राजपत्रात. देशाचं नाव तेवढं बदललं, बाकी काना-मात्रेला धक्का लावला नाही.

त्या नियमांत म्हटलं होतं, की कापणीच्या वेळी सांडलेल्या दाण्यांतून जी रोपं आपोआप उगवतात, ती पहिल्या हिमपातात मरून जातात. सबब ती तारीख नोंदली की शेत निर्धोक समजावं. तिकडे ती खरंच मरत असतील. इकडे ती मजेत वाढत, तुरे काढत आणि वाऱ्यावर पराग सोडत. त्यांना उपटायला कोणी जात नसे, कारण कागदोपत्री ती थंडीने कधीच मेलेली असत.

या सगळ्या गोतावळ्यात वनस्पतिशास्त्र शिकलेलं माणूस एकच. मक्याचा पराग वाऱ्याबरोबर किती लांब जातो यावर पाच वर्षं घासून तिने डॉक्टरकी मिळवली होती, म्हणून कार्यालयात तिला चेष्टेने परागबाई म्हणत. हुद्दा निरीक्षकाचा. पहिल्या वर्षी तिने चौदावा रकाना कोरा ठेवला. फाईल तीनदा परत आली. चौथ्यांदा हेडक्लार्क स्वतः ती घेऊन आला.

"मॅडम, रकाना रिकामा असला की फाईल पुढे सरकत नाही."

"अहो, पण इथे बर्फ पडतो कुठे?"

"ते मला काय विचारता? मी हवामान खात्यात आहे का? रकाना छापलाय म्हणजे तारीख असणारच. वार्षिक बैठकीची घाला. सगळ्यांच्या लक्षात राहते."

परागबाईने हसत हसत तारीख घातली आणि खाली सही ठोकली. मूर्खांच्या कागदावर मूर्खासारखं लिहिलं, तर त्यात आपलं काय गेलं, असा तिचा हिशेब. दुसऱ्या वर्षी ती थोडी कमी हसली. पुढे हसणं संपलं आणि सही राहिली. अध्यक्षांना ती मनात खुराडे म्हणे, हेडक्लार्कला शिक्क्याचं लाकूड, आणि बियाणं कंपनीचा जो गृहस्थ कायम दात दाखवत शेत निर्धोक असल्याचे दाखले न्यायला येई त्याला नुसतं हसरा. दिवसभर सगळ्यांना मनातल्या मनात तुच्छ लेखून ती संध्याकाळी घरी जाई, आणि त्यालाच आपला ताठ कणा समजे. उंटावरच्या शहाण्याला निदान उंट तरी असतो. हिच्याजवळ फिरती खुर्ची होती, तीही एका बाजूला कललेली.

कंपनीचं शेत राजधानीपासून दोन तासांवर होतं. तिथे अळी न लागणारा नवा मका परवानगीने, प्रयोग म्हणून लावत. ओढ्याच्या अलीकडे कंपनीचं शेत आणि पलीकडे परागबाईच्या थोरल्या बहिणीचं. आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांची होती आणि ही सात. ताईने शाळा सोडली, शेत धरलं आणि धाकटीला शिकवलं. आईचा एक काळपट लाल दाण्याचा मका होता, कमी पाण्यावर येणारा. तो ताईने चाळीस वर्षं सांभाळला. दर साल नीट कणसं निवडायची, चुलीवरच्या धुरात टांगायची आणि पेरणीच्या तोंडावर आसपासच्या गावांतल्या बायका आल्या की प्रत्येकीच्या पदरात बी घालायचं. त्या टापूत तोच मका पिके.

यंदा पेरणीला महिना असताना ताई कार्यालयाचे तीन जिने चढून वर आली. पिशवीतून तिने तीन पुरचुंड्या काढून टेबलावर ठेवल्या.

"धाकटे, माझ्या शेतात मक्याच्या काही ताटांना अळी लागत नाही. बाकीची चाळणी झाल्यासारखी, आणि ही मधूनच एखादी कोरीकरकरीत. मी सुतळ्या बांधून खूण ठेवली होती. ही त्यांची कणसं. ही मागच्या सालची, ही त्याच्या मागच्या. बघ बरं तुझ्या यंत्रात."

यंत्र कसलं! कपाटात एक खलबत्ता होता आणि कागदी तपासपट्ट्यांचं एक खोकं, अजून सील न फोडलेलं. परागबाईने दाणे कुटले, पाण्यात कालवले, पट्टी बुडवली. एक रेघ उमटली तर दाणा स्वच्छ, दोन उमटल्या तर त्यात कंपनीचं जनुक.

"दोन आल्या," ताई म्हणाली. "दिवस गेले म्हणायचे का मक्याला?"

परागबाई हसली नाही. मागच्या सालचे दाणे, दोन रेघा. त्याच्या मागच्या सालचे, पुन्हा दोन. त्याहून जुनं बी ताईकडे होतं, पण ते आता उगवत नव्हतं. कागदोपत्री मेलेले तुरे नऊ वर्षं ओढ्यापलीकडे पराग पाठवत होते, आणि तो किती लांब जातो हे या देशात एकाच माणसाला नक्की ठाऊक होतं.

"मग आता?" ताईने विचारलं.

आता एक वाट होती. शिकत असताना परागबाईने स्वतः त्या मक्याचे ओंजळभर दाणे सरकारी बीजपेढीत जमा केले होते. बीजपेढी म्हणजे एक थंडगार बंद खोली. मासळीबाजार सोडला तर अख्ख्या देशात पाणी गोठतं ते तिथेच. ते वीस वर्षांपूर्वीचे दाणे निर्मळ होते आणि उगवणारे होते. पण पेढीचा नियम असा, की मूळ वाणात भेसळ झाल्याचा जैवसुरक्षा समितीचा दाखला दाखवल्याशिवाय पाकीट परत मिळत नाही.

"म्हणजे एक कागद हवा," ताई म्हणाली.

"एकच."

"तू इथेच बसतेस ना? मग आण की. बायका महिन्याभरात बी न्यायला येतील. तोवर मी कुणाला दाणा देत नाही. त्यांना सांगेन, धाकटी कागद आणतेय."

ताई निघून गेली. परागबाईने त्याच दिवशी अहवाल लिहिला: या देशात हिमपात होत नाही, नऊ वर्षांच्या तारखा काल्पनिक आहेत, प्रयोगक्षेत्रावर रोपं जिवंत राहिली आणि शेजारच्या वाणात भेसळ झाली. लिहिताना तिला फार बरं वाटलं. आता खुराड्यांचं तोंड बघू, असंही वाटलं.

बैठक तीन आठवड्यांनी भरली. खोलीत चारच माणसं: अध्यक्ष, टिपणं घ्यायला हेडक्लार्क, निमंत्रित म्हणून हसरा, आणि परागबाई. अध्यक्षांनी अहवाल वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"हिमपात होत नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

परागबाईला वाटलं, ते चेष्टा करताहेत. ते करत नव्हते.

"सर, खिडकीतून बघा."

"खिडकी हा पुरावा नव्हे. नऊ वर्षं हिमपात झाल्याची नोंद या कार्यालयात आहे. आता अचानक बंद झाला म्हणता, तर अभ्यासासाठी उपसमिती नेमावी लागेल. एकदा पुन्हा तिकडे जाऊन यावं लागेल."

हेडक्लार्कने 'उपसमिती' असं लिहून घेतलं. हसरा हसून म्हणाला, "आम्ही आपले दाखल्यावर विश्वास ठेवून चालतो. सरकारने शेत निर्धोक म्हटलं. आम्ही कोण शंका घेणार?"

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. आणि इथे त्या खुरांच्या डॉक्टरने आयुष्यातलं एकमेव शास्त्रशुद्ध अनुमान काढलं. "शेत निर्धोक असल्याचे नऊ दाखले आहेत. म्हणजे हे जनुक त्या शेतातून गेलेलं नाही. तरी ते तुमच्या भगिनींच्या मक्यात आहे. म्हणजे त्या नियंत्रित वाण विनापरवाना लावताहेत. कलम एकतीस. सगळा साठा जप्त करायचा आणि जाळायचा. जप्तीला निरीक्षकाने हजर राहायचं. निरीक्षक तुम्हीच ना?"

"ते दाखले खोटे आहेत, सर. अहवालात तेच तर लिहिलंय."

"सही कोणाची आहे?"

हेडक्लार्कने शांतपणे नऊ फायली टेबलावर मांडल्या. तेवढ्या तत्परतेने त्याने आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. नऊ ठिकाणी तीच सही, ठसठशीत, खाली डॉक्टरकीची अक्षरं. अध्यक्षांची कुठेच नव्हती. नियमाप्रमाणे त्यांनी फक्त 'पाहिले' असा शिक्का मारायचा होता, आणि त्या माणसाने नऊ वर्षं न पाहता तो मारला होता.

"तुम्ही शिकलेल्या आहात," अध्यक्ष आता प्रेमाने बोलले. कोणी प्रेमाने बोलावं आणि ऐकणाऱ्याला अंघोळ करावीशी वाटावी, तसं. "हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. हा अहवाल अजून आवक नोंदीत गेलेला नाही. मागे घ्या. जप्ती नाही, चौकशी नाही, भगिनींना त्रास नाही. त्यांचा मका छान येतोय ना? अळीसुद्धा लागत नाही म्हणता."

हसऱ्याने आपलं पेन पुढे केलं.

'नजरचुकीने सादर झालेला अहवाल मागे घेत आहे.' परागबाईने लिहिलं. ताईचं बी जाळू देणार नाही, ताईसाठीच हे करतेय, असं तिने स्वतःला बजावलं. ही गोष्ट सांगणाऱ्याला यातलं अक्षरही पटत नाही. ताईने जाळण्यापासून वाचव म्हटलं नव्हतं, कागद आण म्हटलं होतं. परागबाईने वाचवल्या त्या आपल्या नऊ सह्या. ज्यांची ती नऊ वर्षं मनात टिंगल करत आली, त्यांच्याच पंगतीला ती केव्हाच बसलेली होती. पान आज वाढलं गेलं, एवढंच.

बसमध्ये तिने बोलायचं सगळं जुळवून ठेवलं. ताई, संकट टळलं. ताई, कोणी बियाण्याला हात लावणार नाही. ताई, कागदाचं पुढच्या वर्षी बघू. उतरेपर्यंत तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

ताईच्या अंगणात सात-आठ बायका रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. पेरणी तोंडावर आली होती. परागबाईला बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

"आली बघा," ताई त्यांना म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आणलास?"

परागबाईने तिला आत नेलं आणि सगळं सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य धड निघालं नाही, उलटसुलट निघालं, पण अर्थ पोचला. चुलीच्या वर कणसांच्या माळा टांगलेल्या होत्या. ताई त्यांच्याकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे ते पाकीट मिळणार नाही."

"आत्ता नाही. पण हे तर वाचलं ना, ताई? हे जाळणार होते. तू बिनधास्त पेर. बायकांनाही दे. कोणाला कळत नाही. खायला काही धोका नाही याचा, मी सांगते."

"खायला नाही," ताई म्हणाली. "आणि ज्या उद्या माझ्याकडून आईचा मका म्हणून नेतील, त्यांना मी काय देतेय?"



ताईने वाद घातला नाही. तिने बाहेर जाऊन बायकांना दोन वाक्यांत सांगितलं, की आपलं बी बिघडलं, चांगलं मिळालं नाही, यंदा दुकानातून घ्या. बीसाठी वाट बघायला लावली, माझं चुकलं. धाकटीचं नाव तिने घेतलं नाही. एक म्हातारी रडायला लागली. तिला पाणी देऊन ताई आत आली, स्टुलावर चढली आणि माळा उतरवायला लागली.

"काय करतेस?"

"मी आज मेले, तर कोणीतरी हे बी म्हणून पेरेल. ते नको."

तिने मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि पाणी ओतलं. कणसं सोलली. दाणे हातात घासून सुटे केले आणि पाण्यात सोडले. परागबाई मदतीला पुढे झाली, तशी ताईने कोपराने तिला हलकेच बाजूला केलं. पाणी लाल झालं, मग उकळायला लागलं. काळपट लाल दाणे फुगून वर आले. शिजलेला दाणा उगवत नाही, हे कळायला डॉक्टरकी लागत नाही.

ताईने टोपलीभर निथळून बाहेर पाठवले. बायका मुकाट्याने खात बसल्या. मग तिने एक वाडगा भरून परागबाईपुढे ठेवला आणि समोर बसली. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर परागबाईने सोसला असता. दूरच्या गावाहून आलेल्या पाहुणीकडे बघावं, तशी ताई तिच्याकडे बघत होती.

"खा," ताई म्हणाली. "लांबून आलायत. मीठ कमी असेल तर सांगा."

चाळीस वर्षांत ताईने तिला पहिल्यांदा अहोजाहो केलं होतं. परागबाईने वाडगा उचलला आणि खाल्लं.