काठावरची कैरी

आमच्या दत्तोपंतकाकांना काठाची धास्ती होती. रायपूरच्या तात्यापाऱ्यात लग्नपत्रिका छापण्यात त्यांचा जन्म गेला, आणि पत्रिका म्हटली की कटिंग मशीन आलंच. मशीनचं पातं जरा इकडेतिकडे झालं की गणपतीची सोंड उडते, नाहीतर वधूपित्याचं आडनाव अर्धं होतं. म्हणून काकांचा नियम ठरलेला: काठाला काही टेकू द्यायचं नाही, चारी बाजूंनी बोटभर पांढरं सोडायचं. लग्न होऊन मी या घरात आले ती हा नियम ऐकतच. काका माझ्या नवऱ्याचे सख्खे काका, पण दुकानात ते फक्त मालक.

मी दुकानात पत्रिकांचा मजकूर टाइप करायचे. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' माझ्या बोटांनी झोपेतही टाइप केलं असतं. कॉम्प्युटरवर कोरल नावाचं डिझाइनचं सॉफ्टवेअर होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की मी त्यात चित्रं काढत बसायचे. काका पाहून न पाहिल्यासारखं करायचे. खरं डिझाइन हवं असलं की ते हैदराबादच्या एका माणसाला फोन लावायचे आणि गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचे, "डिझाइन हैदराबादहून येते आमचं." मला या वाक्याचा इतका राग होता, की कुणी हैदराबादहून बिस्किटं आणली तरी मी ती तोंडात घालत नसे.

आमचं वेगळं राज्य नुकतंच झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि शहरात ऑफिसांचं पेव फुटलं. ऑफिस आलं की थंड पाण्याचा कॅम्पर हवाच, म्हणजे खाली नळ असलेलं ते गोल पिंप. असे कॅम्पर बाबाराव शहराबाहेर, उरल्याच्या आपल्या कारखान्यात बनवायचे. ते मूळचे अमरावतीकडचे, काकांचे जुने मित्र. होळी झाली आणि ते दुकानात आले.

"दत्तोपंत, सगळ्यायचे कॅम्पर निळेच," ते म्हणाले. "माह्या कॅम्परवर उन्हाळ्याचं चित्र पाहिजे, चहूकडून. स्टिकर गुंडाळला की झालं."

हैदराबादचं डिझाइन आलं. त्यात समुद्र होता, नारळाची झाडं होती, काळे चष्मे होते आणि वाळूत पडलेले तारामासे. बाबारावांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"हे काय होय? तेलीबांध्याच्या तलावात हे कुठं भेटते?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करून देऊ का?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बाबाराव हसले. "करू द्या ना पोट्टीले," ते म्हणाले, आणि मित्रासमोर काकांना नाही म्हणता आलं नाही. पण ते गेल्यावर काका माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

"हे पाय मंजिरी. जमलं तर पुढचे सगळे डिझाइन तूच करशील. नाही जमलं तर पत्रिका टाइप करायच्या आन चित्रं बंद. ते कोरलच काढून टाकतो मी त्याच्यातून."

मी "हव" म्हटलं.

मी आपला उन्हाळा काढला. कैऱ्या, कलिंगडाच्या फोडी, तेंदूची पिवळी फळं, माठ, आणि उन्हाळ्यातली लू लागू नये म्हणून लोक खिशात ठेवतात तो कांदा. कांद्याला मी चक्क गमछा बांधला. हे सगळं एका लहानशा चौकटीत बसवायचं आणि तीच चौकट शेजारी शेजारी लावत स्टिकर भरायचा, म्हणून तिला टाइल म्हणतात. मी मन लावून टाइल केली आणि हाताच्या सवयीने चारी बाजूंनी बोटभर पांढरं सोडलं. मग टाइलला टाइल लावून पडदा भरला.

पडद्यावर न्हाणीघराची भिंत दिसायला लागली. उभ्याआडव्या पांढऱ्या रेघा आणि चौकोनाचौकोनात कोंडलेल्या कैऱ्या. पांढरं कमी केलं, तर रेघा नुसत्या बारीक झाल्या. चित्रामागची जमीन पिवळी केली, तर रेघांच्या जागी रिकाम्या पिवळ्या वाटा पडल्या. काका मागून जाता जाता म्हणाले, "खिडकीची जाळी चांगली झाली." त्या दिवशी मी त्यांना चहा विचारला नाही.

शेवटी वैतागून मी ती टाइल कागदावर छापली आणि कटिंग मशीनखाली घालून मधोमध कापली. राग काढायलाच कापली, खोटं कशाला बोलू. तुकडे टेबलावर पडले ते उलटे पडले: डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. बाहेरचे दोन काठ आता मधे येऊन एकमेकांना लागले होते, आणि त्यांच्यामधून एक पांढरी वाट गेली होती.

मी त्या वाटेकडे पाहतच राहिले. माझ्याजवळ एक सुटी छापलेली कैरी होती, ती मी वाटेवर आडवी ठेवली. वाट बुजली. मग लक्षात आलं, की तुकडे परत सरळ लावले तर ही कैरी अर्धी एका काठाला जाईल आणि अर्धी दुसऱ्या काठाला. म्हणजे काठ सोडायचा नव्हताच, चित्र काठावरच काढायचं होतं. आमच्या दुकानात असं म्हणणं म्हणजे देवघरात चप्पल घालून जाणं. मी ते केलं, आणि करताना मला फार मजा आली.

कोरलमध्ये डाव्या काठावर कैरी ठेवली, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिची कॉपी बरोबर टाइलच्या रुंदीइतकी उजवीकडे सरकवली, केसभरही कमीजास्त नाही. वरच्या काठावर कांदा, खाली त्याची कॉपी. मग बाहेर आलेलं सगळं कापून टाकलं. उरली ती तुटक्या फळांची चौकट. काकांनी ती पाहून कपाळाला हात लावला.

"कैरी कापली तू. कांदा कापला. बाबारावाले काय तोंड दाखवू मी?"

"स्टिकर लागेपर्यंत थांबा, काका."

छापायच्या आधी मी उरल्याला जाऊन कॅम्परचा घेर स्वतः फितीने मोजला आणि टाइली त्यात पुऱ्या बसतील अशी रुंदी धरली. स्टिकरची दोन टोकं जिथे भेटणार, तिथेही काठ होताच, आणि मला आता काठाशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

स्टिकर लावायच्या दिवशी काका माझ्यासोबत आले. कारखान्यात बाबारावांच्या माणसाने कॅम्परला स्टिकर गुंडाळला, फडक्याने दाबून घेतला आणि बाजूला झाला. बाबाराव कॅम्परभोवती फिरले. परत फिरले.

"जोड कुठी हाय?"

"नळाखाली लपवला असन," काका म्हणाले. त्यांनी वाकून नळाखाली पाहिलं. तिथे गमछावाला कांदा मजेत बसला होता. मग काकांनी चष्मा पुसला आणि फेरी धरली. दुसऱ्याच्या छपाईतली खोट दारातूनच ओळखणारा हा माणूस, त्याला इथे काही दिसेना. शेवटी ते एका जागी उभे राहिले, डोळे मिटले, आणि एका हाताने कॅम्पर फिरवत दुसऱ्या हाताचं नख स्टिकरवर टेकवलं. नख एका ठिकाणी थांबलं.

"इथं हाय," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

नखाखाली कैरी होती. देठापासून टोकापर्यंत अख्खी, आणि जोड तिच्या पोटातून गेलेला. काका जवळून पाहत राहिले, मग चष्मा काढून पाहत राहिले.

"हेच काय ते कापलेली?"

"हव काका. अर्धी त्या टोकाची, अर्धी या टोकाची."

काकांनी अंगठ्याने ती कैरी हलकेच दाबून घेतली, जोड नीट बसावा म्हणून. बाबाराव म्हणाले, "सगळ्या मालाले हेच लावून द्या." मला इतका आनंद झाला, की तिथेच कॅम्परभोवती फुगडी घालावीशी वाटली. सासरचं माणूस सोबत असल्यामुळे मी नुसता पदर सावरला.

दुसऱ्या दिवशी तेलीबांध्याकडच्या नव्या ऑफिसातले एक साहेब उद्घाटनाची पत्रिका छापायला आले. नमुने चाळत त्यांनी काकांना विचारलं, "डिझाइन कहाँ से मंगवाते हो, भैया?"

पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी मान खाली घालून की-बोर्ड पुसायला घेतला.

"मंगवाना काहे को?" काका म्हणाले. "वो क्या बैठी है, हमारी बहू."

मग स्टूल ओढून त्यांनी साहेबांना माझ्या खुर्चीशेजारी बसवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मंजिरी, साहेबायले काय पाहिजे ते विचार. आन काठ सोडू नको."