भिंतीवरची तिन्हीसांज

"आलास?" लिफ्टचं दार उघडतंय तोच फ्लॅटच्या उघड्या दारातून आईची हाक.

"आई, आधी दार लाव. एसी चालू आहे."

"तिन्हीसांजंला दार लावत्यात व्हय?"

"साडेआठ वाजून गेलेत गं."

मुक्ताबाईंनी नुसती हनुवटी भिंतीकडे वळवली. "तिथं बघ."

उल्हासने डबा टेबलावर आदळला. महिनाभर रोज हेच. आखातातल्या अल बर्शाच्या फ्लॅटला जरा रुबाब यावा म्हणून त्यानेच ड्रॅगन मार्टमधून हौसेने ते चित्र आणलं होतं. कुठल्याशा जुन्या युरोपीय, बारोक धाटणीच्या चित्राची भलीथोरली नक्कल: सोनेरी चौकट, मावळतीचं तांबूस आभाळ, पडकी कमान, ओढा ओलांडणारी गुरं, मागे काठी टेकून उभा गुराखी. त्याच सुमारास गावाकडची गुरं विकायला लावून त्याने आईला कायमचं इकडे आणलं. तिने चित्र पाहिलं आणि ठरवून टाकलं की या हॉलमध्ये दिवेलागणीची वेळ काही सरत नाही. मग झाडू मारायचा नाही, सोफ्यावर आडवं व्हायचं नाही आणि दार तर मुळीच लावायचं नाही. लक्ष्मी यायची वेळ, गुरं यायची वेळ.

त्या दारातून इतका गारवा वाहून गेला की शेजारचा अर्सलान म्हणे शाल पांघरून लिफ्टची वाट बघायचा. एक बोका येऊन राहिला, तो भाडेकरूच्या तोऱ्यात दूध मागायचा.

"आजी, दे आर नॉट कमिंग. इट्स जस्ट पेंट," उल्हासच्या मुलीने, पर्णिकाने, समजावून पाहिलं.

"येत्याल की. मागची गाय दमलीया जरा."

शेवटी वॉचमन खैरुद्दीन वर आला. "साहब, मालिक बोला, खुले दरवाजे का एक और कंप्लेंट आया तो अगले साल फ्लॅट खाली करना पडेगा." एवढं बोलून तो मुक्ताबाईंनी दिलेला चहा पीत चित्राकडे बघत बसला. "अम्मा, ये पीछेवाली लंगडाती है क्या?"

"खलास," उल्हास म्हणाला. स्टूल ओढलं, चित्र उतरवलं आणि खैरुद्दीनच्याच हवाली केलं. "घेऊन जा. तूच सांभाळ तुझी लंगडी."

खैरुद्दीन गेल्यावर मुक्ताबाई उठल्या, दार लावलं, साखळी अडकवली आणि सोफ्यावर आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी हमरियाच्या ऑफिसातून निघून शारजाच्या ट्रॅफिकमध्ये उल्हासचा जीव मेटाकुटीला आला. लिफ्ट उघडली. पॅसेजमध्ये उकडत होतं. मालक खूश, बिल्डिंग खूश, बोकाही कुठे दिसेना. त्याने खिसे चाचपले. महिनाभरात किल्ली न्यायची सवयच मोडली होती.

त्याने बेल दाबली. चपलांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला.

"कोण हाय?" आईने विचारलं.